सहा महिने टिकणारं

रविवार, ५ ऑगस्ट २००७, लातूर

आज दुकान उघडलं. बार्शी रोडवर, दोन क्लासेसच्या मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये. पाटीवर ‘चकाकी कार केअर’ आणि खाली लाल अक्षरांत ‘महिन्याच्या आत चमक गेली तर पुन्हा फुकट’. ही खालची ओळ माझी. पेंटर म्हणाला, साहेब, असं लिहून स्वतःला कशाला अडकवून घेता? मी म्हटलं, ज्याचा माल खोटा तो अडकतो.

नारळ आईने फोडला. पोरगा पुण्याच्या शोरूममधली नोकरी सोडून इथे गाड्या पुसायला का आला, हे तिला अजून पटलेलं नाही. शेजारच्या धोंडाबाईंसमोरच म्हणाली, “धुनं-पुसनंच करायचं व्हतं तर बी.एस्सी. कशाला केलास?” मी समजावलं की धुणं वेगळं, पॉलिश वेगळं, आणि पॉलिशवर मेण किंवा सीलंट चढवून रंगाला उन्हापासून वाचवणं हे तर शास्त्र आहे. धोंडाबाई म्हणाल्या, “म्हंजी गाडीचं फेशियल.” आई इतकी हसली की नारळाचं पाणी तिच्याच पदरावर सांडलं.

मदतीला व्यंकटी आहे. मूळचा नांदेडकडच्या लोह्याचा, वय पंचेचाळीसच्या आसपास, ट्रकांवर कमळं आणि पोपट रंगवण्यात आयुष्य गेलेलं. हात चांगला, मतं भयंकर. गाडीला खोबरेल तेलाइतकं भारी दुसरं काहीच नाही, असं तो गिऱ्हाइकांसमोर बोलणार नाही अशी मी त्याच्याकडून शपथ घेतली आहे.

दिवसभरात एक गाडी थांबली. तिला अंबाजोगाईचा रस्ता विचारायचा होता.

रविवार, १२ ऑगस्ट

पहिलं खरं गिऱ्हाईक! देविका मॅडम. शेजारच्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतात. गाडी वडिलांची, गडद निळी, जुनी मारुती. रंग विटलेला आणि बोनेटवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग.

मी त्यांना दोन्ही पर्याय सांगितले. एक, कार्नोबा मेण. ब्राझीलमध्ये एका ताडाच्या पानांवर येतं. चमक ओलसर, खोल, बघत राहावी अशी. पण आपल्या उन्हात महिनाभरच तग धरतं. दुसरं, कारखान्यात बनवलेलं सीलंट. चमक जरा काचेसारखी कोरडी, पण टिकायला दांडगं. मात्र ते लावल्यावर रात्रभर गाडीला पाण्याचा थेंब लागता कामा नये. त्यांनी विचारलं, “तुमच्या गाडीला तुम्ही काय लावाल?” माझ्याकडे गाडी नाही, स्कूटर आहे. पण उत्तर दिलं, “कार्नोबा.” म्हणाल्या, “मग तेच लावा.”

काम होईपर्यंत स्टुलावर बसून होत्या. मध्येच म्हणाल्या, “तुम्ही नेहमी असं पुस्तकातल्यासारखं बोलता का?” मी म्हटलं, विषय शास्त्राचा असेल तर. त्यांना हसू आलं. त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही, पण हसण्याला काही हरकत नाही.

शेवटी पाणी शिंपडून दाखवलं. बोनेटवर टपोरे थेंब उभे राहिले आणि घरंगळत गेले. मेण नीट बसल्याची हीच खूण. त्यांनी बोटाने एक थेंब ढकलून बघितला.

रविवार, १९ ऑगस्ट

नामुष्की. देविका मॅडम परत आल्या. “सर्वेश, ते थेंब येईनात आता,” म्हणाल्या. मी पाणी टाकलं. सपाट पसरलं, जसं काही बोनेटला मेण कधी लागलंच नव्हतं. फक्त आठवडा झालाय!

पाटीवरचा शब्द पाळायलाच हवा. पुन्हा सगळं केलं. त्या स्टुलावर टेस्टचे पेपर तपासत बसल्या आणि पोरांची उत्तरं मोठ्याने वाचत राहिल्या. प्रश्न: मूत्रपिंडाचं महत्त्व सांगा. उत्तर: मूत्रपिंड खूप महत्त्वाचं आहे, ते नसतं तर हा प्रश्न आला नसता. व्यंकटी म्हणाला, “बरोबरच लिवलंय की पोरानं.” मॅडमनी त्याला अर्धा मार्क दिला.

आज त्यांची ओढणी फिकट हिरवी होती. दारावर तिचं प्रतिबिंब अगदी स्वच्छ पडत होतं, काठावरची बारीक वेलबुट्टीसुद्धा. म्हणजे पॉलिशमध्ये दोष नाही. दोष मेणातच.

बुधवार, २२ ऑगस्ट

उदगीरच्या वीरण्णाला फोन केला. मेण, सीलंट, कापडं, सगळा माल तोच हैदराबादहून आणून देतो. मी स्पष्ट सांगितलं की तुझ्या कार्नोबात भेसळ आहे. तो आधी कानडीत काहीतरी बोलला, मग मराठीत म्हणाला, “एनप्पा सर्वेश, देवाशपथ माल असली हाय. तुझा हात बघ.” माझा हात! शोरूममध्ये माझ्या हाताला नावं ठेवणारा अजून जन्मला नव्हता. दुसरं, जास्त घट्ट मेण पाठवायला सांगितलं आहे.

आईने जेवताना विचारलं, “ती निळ्या गाडीवाली मास्तरीन कुनाची?” मी म्हटलं, मला काय माहीत, मी गाडीचं बघतो. “बग बग,” म्हणाली.

रविवार, ९ सप्टेंबर

तिसरं मेण. तीच कथा. मागच्या रविवारी लावलं, आज पाणी सपाट.

आता मला वीरण्णाचाही राग येईनासा झालाय, कारण बाकीच्या गाड्यांची तक्रार नाही. क्लासच्या सरांची करडी गाडी दोन आठवड्यांनंतरही थेंब फेकते आहे. मग मॅडमच्याच गाडीवर काय होतं? विचार करता एक गोष्ट लक्षात आली. त्यांच्या गाडीला दर वेळी लिंबाचा वास येतो. बंपरला लिंबू-मिरची बांधलेली आहेच. उन्हात लिंबाचा रस उडून बोनेटपर्यंत येत असेल का? लिंबात आम्ल असतं. मी त्यांना लिंबू काढून टाकायला सांगितलं. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही बी.एस्सी. केमिस्ट्री ना?” हो म्हटलं. “वाटलंच,” म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने लिंबू-मिरची सोडून टाकली.

दुसरी शंका पाण्याची. त्यांच्या कॉलनीत बोअरचं जड पाणी आहे. पुढच्या वेळी एक बाटली भरून आणायला सांगितली आहे. त्या तत्परतेने हो म्हणाल्या. फार सहकार्य करणारं गिऱ्हाईक आहे.

चहा त्या बिनसाखरेचा घेतात. टपरीवाल्याला आता सांगावं लागत नाही.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

वीरण्णा स्वतः आला. पोट पुढे, कपाळाला विभूती, हातात मेणाचे डबे. माझ्या स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर त्याने स्वतः मेण लावलं, तिथेच बसून मला आणि व्यंकटीला डाळिंब खायला घातलं, मग पाणी टाकून दाखवलं. थेंब मोत्यासारखे.

“बाकीच्या गाड्यांचं काय?” विचारलं.

“त्या ठीक आहेत.”

“म्हंजे तक्रार एकाच गाडीची?”

“हो.”

“दर ऐतवारी?”

“हो. बिचाऱ्या सुट्टीच्या दिवशी येतात.”

वीरण्णाने व्यंकटीकडे बघितलं. व्यंकटीने वर पत्र्याकडे बघितलं. वीरण्णा म्हणाला, “सर्वेश, माझं ऐक, तू मेण बदलू नकोस.” विक्रेता असा सल्ला देतो तेव्हा सावध व्हावं. याच्याकडे जुना साठा पडून असणार. मी त्याला सांगून टाकलं की हैदराबादेत मिळेल ते सगळ्यात चिवट सीलंट पाठव.

मंगळवार, २५ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. बाहेर ढोल-ताशे. आम्ही या दिवशी मिरवणुकीला जात नाही.

त्र्याण्णव सालच्या विसर्जनानंतरची पहाट, भूकंपाची. मी बारा वर्षांचा होतो. औशाकडच्या आमच्या गावात काकांचं घर होतं, दगड-मातीचं, दोन हात रुंद भिंतींचं. सात पिढ्या हलायचं नाही, असं आजोबा सांगायचे. काका त्याच भिंतीखाली गेले. आम्ही त्या रात्री लातूरला होतो म्हणून वाचलो. आजही मला काकांची आठवण आली की आधी भिंत दिसते, मग काका. याचं फार वाईट वाटतं.

आई आज म्हणाली, “तवापास्नं तू हरेक गोष्टीला इचारतूस, किती दिस टिकंल. चपला घेतानाबी इचारतूस.”

चपलांच्या बाबतीत तो प्रश्न रास्तच आहे, असं मी म्हटलं.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

सीलंट आलं. छोटी काळी बाटली, घट्ट, पांढरट. हे जमलं तर दुकानाचं नाव होईल.

आधी स्कूटरवर परीक्षा घेतली. एक थर, मग अठरा तास सुकवलं. मग साबणाच्या फेसाने धुतलं, थेंब शाबूत. रॉकेलचा बोळा फिरवला, शाबूत. शेवटी भांडी घासायची वडी आणली. कुठलंही मेण त्या वडीपुढे एका धुण्यात शरण जातं. त्यातला क्षार मेण पार ओरबाडून नेतो. शहाणा माणूस गाडीला ती कधी लावणार नाही, पण परीक्षा म्हणजे परीक्षा. पुन्हा पुन्हा घासलं, तरी थेंब उभेच. इतका आनंद झाला की व्यंकटीला मिठी मारली.

दिवसभर हाताला लिंबाचा वास येतोय. चांगला आहे वास. ओळखीचा वाटतो.

रविवार, ३० सप्टेंबर

काल दुपारीच मॅडमची गाडी मागून घेतली. आधी जुना सगळा थर काढला, पॉलिश केलं, मग सीलंटचे दोन हात. रात्रभर शेडमध्ये झाकून ठेवली. आज सकाळी पाणी टाकलं आणि थेंब नुसते पळत सुटले. असं काम मी पुण्यातही केलं नव्हतं.

त्या आल्या. आज पिवळी साडी होती, तिचं प्रतिबिंबही उत्तम. मी किल्ली दिली आणि म्हणालो, “मॅडम, तुमचा त्रास संपला. आता सहा महिने माझं तोंड बघायची गरज नाही.”

“सहा महिने?”

“किमान.”

त्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. मग म्हणाल्या, “तुम्ही फारच मेहनत घेतलीत.” आणि गेल्या. चहासुद्धा न घेता.

मागे व्यंकटीने कपाळावर हात मारून घेतला. माशी बसली असावी.

रविवार, ७ ऑक्टोबर

आज आल्या नाहीत. म्हणजे सीलंट टिकलं! पहिल्यांदाच रविवार मोकळा मिळाला. मेणाचे डबे पुसून फळीवर लावले. मग उंचीप्रमाणे लावले. व्यंकटी म्हणाला, “साहेब, रस्त्याकडं काय बघून राहिले घडीघडी?” मी म्हटलं, गिऱ्हाईक बघून राहिलो. त्याच्यामुळे माझी भाषा बिघडत चालली आहे.

रविवार, १४ ऑक्टोबर

सीलंट अजून टिकून आहे. वीरण्णाचा फोन आला, मी त्याचं अभिनंदन केलं. तो म्हणाला, “आवाज कामून पडलाय?” पोट बरं नाही. सकाळचे पोहे बाधले असावेत. टपरीवाल्याने सवयीने बिनसाखरेचा चहा जास्तीचा आणून ठेवला, तो मीच प्यायलो. अगदीच काही वाईट लागत नाही.

रविवार, २१ ऑक्टोबर, दसरा

सकाळपासून श्वास घ्यायला फुरसत नाही. ट्रॅक्टर, जीप, क्लासच्या संचालकांची नवी लांबलचक गाडी. सगळ्यांना पूजेआधी चमक हवी आणि पूजेनंतर त्याच चमकेवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायचं. ते पुसू द्यायचं नाही. पुसलं तर अपशकुन. मग महिन्याने येऊन म्हणणार, रंगावर गुलाबी डाग कसा पडला? शास्त्र आणि श्रद्धा यांच्या मध्ये बोनेट असतं, एवढंच मी या धंद्यात शिकलो.

दुपारी देविका मॅडम आल्या. सोनं द्यायला, म्हणाल्या. आपट्याची पानं दिली, माझ्याकडची घेतली. मग त्यांनी गाडीची मागची बाजू दाखवली. मी हादरलो. डिकीवर बारीक ओरखडे, गोल गोल, जसं कुणी काथ्याने जीव खाऊन घासलंय! थेंब मात्र अजून उभे होते.

“हे कुणी केलं?” मी विचारलं.

“असेल कुणीतरी,” त्या म्हणाल्या. “तुमचं सीलंट फार हट्टी आहे, सर्वेश.”

“धन्यवाद,” मी म्हणालो.

मग त्यांनी दुसराच विषय काढला. क्लासची नांदेडला शाखा निघतेय, दिवाळीनंतर. बायोलॉजीसाठी यांना तिकडे बोलावताहेत, राहायलाच. अजून हो म्हटलेलं नाही. “तुम्हाला काय वाटतं?” असं त्यांनी विचारलं आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी नीट विचार करून सांगितलं की काळजी करू नका, नांदेडच्या उन्हातही सीलंट आरामात टिकेल.

त्या म्हणाल्या, “हो का.”

आता त्या गेल्यापासून माझ्या डोक्यात ते ओरखडेच आहेत. त्यांच्या गाडीचा कुणीतरी वैरी आहे. शोध घ्यायला हवा.

बुधवार, २४ ऑक्टोबर

दुपारी व्यंकटीवर दुकान टाकून त्यांच्या कॉलनीत गेलो. मॅडम क्लासला, वडील झोपलेले. अंगणात धुणं-भांडी करणाऱ्या केवळाबाई भेटल्या. मी ओळख सांगितली आणि विचारलं, या गाडीजवळ रात्री-बेरात्री कुणी संशयास्पद माणूस दिसतो का?

“कशापायी?”

“कुणीतरी गाडी घासतंय.”

केवळाबाई म्हणाल्या, “आवं, ताईच घासतेत की! दर शनवारी. माजी भांड्याची वडी घेतेत आन घासत बसतेत. पयले नुस्तं फडक्यानं निघायचं. आता काय लावलंय तुमी, निघना म्हनल्या, म्हून मागच्या टायमाला काथ्या घेतला. हाताला फोड आला, तरी घासायलाल्या. म्या म्हनलं, ताई, द्या मी घासते. तर न्हाई म्हनल्या, ह्ये माजं मलाच करायचंय.”

मी स्कूटर ढकलतच परत आलो; सुरू करायची विसरलो.

लिंबाचा वास म्हणजे तो! महिनाभर मी वीरण्णाला चोर ठरवलं, पाण्याच्या बाटल्या तपासल्या, आणि या बाई दर शनिवारी मेण उतरवून दर रविवारी फुकट लावून घेत होत्या. गॅरंटीचा असा गैरफायदा! तोही शिकल्यासवरल्या माणसाने. मला फार लागलं आहे. इतकं का लागावं कळत नाही, मेण काही एवढं महाग नाही.

रविवार, २८ ऑक्टोबर

आल्या. पेपर घेऊन स्टुलावर बसल्या, जणू काही झालंच नाही. मी रात्रीच काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं.

“मॅडम, मला सगळं कळलंय.”

त्यांच्या हातातलं पेन थांबलं. चेहरा लाल झाला. खाली बघून म्हणाल्या, “कळलं? बरं झालं बाई. मला वाटलं होतं, मार्च उजाडतोय.” आणि मग वर बघून, “मग? तुमचं काय म्हणणं आहे?”

“माझं म्हणणं असं, की गॅरंटी प्रामाणिक गिऱ्हाइकासाठी असते. भांड्याच्या वडीने मेण काढून पुन्हा फुकट लावून घेणं तिच्यात बसत नाही. केवळाबाई साक्षीला आहेत.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “तुम्हाला एवढंच कळलं?”

“एवढं पुरे आहे. तुमच्या गाडीची गॅरंटी मी रद्द करतोय.”

त्या आधी हसल्या. मग हसणं थांबलं. पेपर गोळा केले, एक खाली पडला तो व्यंकटीने उचलून दिला. “करा रद्द,” म्हणाल्या. “मी उद्याच नांदेडला हो कळवते.”

गाडी गेली. याचा नांदेडशी काय संबंध, ते मला समजलं नाही. मी बरोबरच वागलो. छाती मात्र सकाळपासून भरून आल्यासारखी आहे आणि आज पोहे खाल्लेले नाहीत.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

व्यंकटीने आईकडे चहाडी केली. मी जेवायला बसलो तर भाकरी देईना.

“ती बाई हाताला फोड येस्तोवर गाडी घासायची, कशापायी?”

“फुकट मेणासाठी.”

“आरं माज्या राज्या! फुकट मिळतंय म्हनून कोन तरनीताठी पोरगी सुट्टीचा दिस तुज्या शेडात, पत्र्याखाली, त्या स्टुलावर काढती व्हय? मेन घालाय येत व्हती का तुला बगाय?”

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

“आन तू तिला सांगितलास, सा म्हैने येऊ नगं. वरनं नांदेडाला जा म्हनलास.”

“मी उन्हाबद्दल बोललो.”

“उनाबद्दल!” आईने पदर तोंडाला लावला. हसते आहे की रडते आहे ते कळेना, बहुतेक दोन्ही. मग माझ्यासमोर बसली आणि हळू बोलली. “टिकनारं टिकनारं करत बसलास तू. आपलं गावाकडचं घर आठवतंय? शेनानं सारवलेलं आठ दिस ऱ्हायचं. मी पुना सारवायची. तुज्या बापानं कंदी म्हनलं न्हाई की आसं सारव, जे सा म्हैने टिकंल. त्यो दारात बसून माज्याशी बोलत बसायचा. सारवून व्हईपतूर.”

वडिलांबद्दल ती सहसा बोलत नाही. भाकरी वाढली, ती तशीच ठेवून मी वही काढली.

आता लिहून टाकतो. देविका मला आवडतात. पहिल्या रविवारी त्यांनी बोटाने थेंब ढकलला तेव्हापासून. मी त्याला प्रतिबिंब म्हणत होतो, पॉलिश म्हणत होतो, पोहे म्हणत होतो. माझ्याइतका मठ्ठ माणूस लातुरात दुसरा नसेल, आणि इथे तर राज्यभरातून पोरं शिकायला येतात.

रविवार, ४ नोव्हेंबर

दिवाळीची गर्दी आहे. धीर करून त्यांच्या घरी गेलो. वडील म्हणाले, देविका आजोळी जळकोटला गेली, दिवाळी तिकडेच, तिथून परस्पर नांदेड. गाडीही घेऊन गेली. त्यांनी मला बसवलं, चिवडा दिला आणि सीलंटची फार तारीफ केली. म्हणाले, “अजून थेंब पळतात हो!” मी मान खाली घालून चिवडा खाल्ला.

बुधवार, १४ नोव्हेंबर

दिवाळी कशी गेली माहीत नाही. वीरण्णाला सगळं सांगून माफी मागितली. तो म्हणाला, “मला सप्टेंबरातच समजलं होतं. तुला सांगितलं ना, मेण बदलू नकोस म्हणून. आता नांदेडला जा आणि चांगला सदरा घाल.” आई म्हणते जा. धोंडाबाई म्हणतात जा. व्यंकटी म्हणतो, गाडी अहमदपूर, लोहा करत जाती, लोह्याला भजे खा, पन लई नका खाऊ, बोलायचंय.

आणि त्या नाही म्हणाल्या तर? अपमान मीच केला, तोही साक्षीदाराचं नाव घेऊन. सीलंट चुकलं तर थर काढून नव्याने लावता येतो. इथे तसं जमेल की नाही, कुणी सांगावं. जीव घाबरतोय. पण रविवारी जाणार.

रविवार, १८ नोव्हेंबर, नांदेडहून परतीच्या बसमध्ये

अक्षर हलतंय, रस्ता खराब आहे.

वर्कशॉप कॉर्नरला उतरलो, विचारत विचारत क्लास शोधला; नवी शाखा, रविवारीही जादा तास चालू होता. बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली निळी गाडी उभी. धुळीने माखलेली, बोनेटवर पक्ष्यांची घाण. मला राहवलं नाही. खिशातला रुमाल ओला करून पुसायला लागलो.

“गाडी बघायला आलात का?”

पायरीवर त्या उभ्या. हातात खडू. चेहऱ्यावर हसू नाही.

मी पिशवीतून डबा काढला. “हे नवीन मेण आणलंय.”

“किती टिकतं?”

“आठवडाभर. जोराचा पाऊस आला तर तेवढंही नाही.”

“तुम्ही? आठवड्याचं मेण?”

“सगळ्यात कच्चं हेच मिळालं. वीरण्णाकडे मुद्दाम मागितलं.”

त्यांचे ओठ जरा हलले, पण लगेच घट्ट झाले. “सर्वेश, तो डबा खाली ठेवा.”

ठेवला.

“रुमाल पण. गाडी राहू दे तशीच. मी दोन महिने दर शनिवारी हात झिजवले. आता तुम्ही बोला. आणि मेण, पॉलिश, ऊन, यातलं एक अक्षर नको.”

हे सगळे शब्द काढून घेतले तर माझ्याकडे बोलायला फारसं उरत नाही, हे मला तिथे उभं राहून कळलं. वर खिडकीत पोरं गोळा झाली होती.

“मी तुमच्याशी वाईट वागलो,” म्हणालो. “मला रविवारी तुम्ही हव्या आहात. दर रविवारी. खरं म्हणजे सोमवारी पण.”

“आणि मंगळवारी?”

“मंगळवारी पण.”

“मंगळवारी माझी टेस्ट सिरीज असते. घरी यायला रात्र होते. दमलेली असते, चिडलेली असते.”

“मी जेवण करून ठेवीन.”

त्यांनी खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. डोळे भरून आले होते, तरी मास्तरणीच्याच आवाजात विचारलं, “काय येतं तुम्हाला?”

“खिचडी.”

“खिचडी चालेल,” त्या म्हणाल्या.

वर पोरांनी एकच गलका केला. त्या वळून ओरडल्या, “उत्सर्जन संस्था उघडा सगळ्यांनी! येतेच मी, विचारणार आहे!” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या की बाबांशी त्या स्वतः बोलतील, मी मध्ये पडून काही समजावून सांगायला जाऊ नये. आणि पायऱ्या चढून आत गेल्या. दारात एकदा थांबून मागे बघितलं आणि हसल्या. मी तिथे किती वेळ उभा होतो माहीत नाही.

लोहा गेलं. भजी खाल्ली नाहीत, भूकच नाही. बाहेर कापूस फुटलाय, शेवटचं ऊन आहे, मला एकट्याला हसताना बघून शेजारची बाई सरकून बसली.

खिचडी मला येत नाही. उद्या सकाळी आईजवळ बसायचं आणि डाळ-तांदूळ धुण्यापासून शिकायचं.